टायगरचा कच्चा आहार आणि सप्तमीचे पान

चौल, भाद्रपद वद्य नवमी, सन १९३१

रा. रा. रावजी भावोजी यांसी दयारामाचे दोन्ही हात जोडून नमस्कार. तिसरा हात असता तर तोही जोडला असता, इतका आज मी आनंदात आहे. आपला डावा गुडघा (काशीताई पत्रात डावा लिहिते, आपण उजवा लिहिता; दुखणे नेमके कुठे आहे ते एकदा ठरवून कळवावे) आता कसा आहे? ताईचा खोकला गेला असेल. इकडे सर्व खुशाल. सुपारी यंदा बरी धरली आहे.

आपले कार्ड पोचले. त्यात "टायगर जिवंत आहे ना?" एवढाच मजकूर आणि खाली दोन रेघा. भावोजी, हा प्रश्न मला लागला. आपल्या पेढीच्या पारशी शेटाणीबाई विलायतेस जाताना त्यांचा लाडका कुत्रा आपल्या हवाली करून जातात, चाळीचा मालक तो ठेवू देत नाही म्हणून आपण तो माझ्याकडे धाडता, दसऱ्याला तो धडधाकट परत मिळाला तर हेडक्लार्कची खुर्ची आपली आणि न मिळाला तर आहे ते स्टूलही जायचे, हे सर्व मला पाठ आहे. म्हणूनच तर मी त्याच्या आहाराचा शास्त्रीय विचार केला.

शेटाणीबाईंचा हुकूम होता, उकडलेली कोंबडी आणि दुधात बुडवलेले बिस्किट. मी म्हणतो, का? कुत्रा हा मुळात लांडगा. (हे ऐकीव सांगत नाही, अलिबागेस रद्दीत मिळालेले इंग्रजी पुस्तक कोश हाताशी धरून मी स्वतः वाचले आहे. मला कोणत्याही शाळेने इंग्रजी शिकवले नाही, म्हणूनच ते शुद्ध राहिले.) लांडग्याच्या घरी चूल नसते, आणि बिस्किटाचा डबा तर नसतोच. आता टायगर पिंजलेल्या कापसासारखा दिसतो, उभा राहिला तरी माझ्या पोटरीच्या निम्म्यावर येत नाही, आणि मांजर दिसले की आमच्या कुटुंबाच्या पदराआड जातो, हे खरे. पण आत लांडगा आहे तो आहेच. तेव्हा आल्या दिवसापासून मी त्याला कच्चा आहार सुरू केला.

प्रथम रेवदंड्याहून बोकडाचे मांस आणले. कुटुंबाने विळी देण्यास साफ नकार दिला आणि मला मांसासकट गोठ्यात घालवले. मी ते अडकित्त्याने कातरले (तुकडे अगदी सारखे येतात, करून पाहावे). टायगरने वास घेतला, भोवती एक फेरी मारली आणि त्यावर बसला. मांस जड जात असेल असे समजून मी मासळीकडे वळलो. नीराबाई कोळीण रोज दारी येते. तिच्याकडून ताजी मांदेली घेऊन, न धुता (धुतल्याने सत्त्व जाते), त्याच्यापुढे ठेवली. तो शिंकला. नीराबाई पाटी टेकून बघत होती. म्हणाली, "भाऊ, ह्यो कुतरा न्हाय, पावणा हाय. पावण्याला कच्चं घालत्यात व्हय?" मी तिला लांडग्याचा सगळा इतिहास समजावून दिला. ती म्हणाली, "मंग लांडग्यालाच बोलवा की जेवाया," आणि पाटी उचलून गेली. ताजेपणाची हद्द म्हणजे जिवंत, असा विचार करून मग मी एक चिंबोरी आणली. तिच्या नांग्या बांधलेल्या होत्या. लांडग्याला कोणी बांधून देत नाही, म्हणून मी दोरा सोडला. पुढचे सविस्तर लिहीत नाही. चिंबोरी टायगरच्या शेपटीच्या झुबक्याला लागली, टायगर गोठ्यातून पडवीत, पडवीतून माजघरात आणि तिथून देवघरात गेला, आणि लहान जातीच्या मानाने त्याची चाल फारच जलद निघाली, एवढे सांगण्यासारखे.

आणि तरीही, भावोजी, इथे लक्ष द्यावे, कुत्रा दिवसेंदिवस तुकतुकीत होत चालला. पोट गोल, केसांना चमक, डोळे काजळ घातल्यासारखे. खात मात्र काहीच नाही. मी बारकाईने विचार केला आणि एकदम उलगडा झाला: कच्च्या अन्नाचे सत्त्व इतके उग्र असते की लहान जातीला त्याचा नुसता वास पुरतो. हा शोध पुस्तकात नाही. देवळाच्या सभामंडपात मी त्यावर बोललोही. लोक शेवटपर्यंत बसून होते (बाहेर पाऊस होता).

एवढ्यात परवा सप्तमीला बाबांचे, म्हणजे आपल्या सासऱ्यांचे, श्राद्ध आले. चंद्राबाई आत्या पालीहून आली होती. पान वाढून कौलांवर ठेवले, कावळा शिवेना. (तो शिवल्याशिवाय आमच्याकडे कोणी जेवत नाही, आपणही एका वर्षी दिवस कलेपर्यंत उपाशी बसला आहात.) पान खाली आणून अंगणातल्या दगडावर ठेवले. मी हात जोडून रीतीप्रमाणे बाबांना एकेक कबूल करत गेलो: विहिरीचा कठडा बांधीन, शेजारचा धर्मा याच्याशी बांधावरून चाललेला तंटा मिटवीन, ताईला दिवाळीला आणीन. कावळे माडावर बसून ऐकत होते. भटजींच्या पोटातले आवाज मला स्पष्ट येत होते. तेव्हा आत्या म्हणाली, "दयाराम, दादाचा जीव त्या मुक्या जनावरात अडकलाय. त्याला शिजवलेलं घालीन म्हण." मी म्हटले, जे मला पटलेले नाही ते मी बाबांपुढे कबूल करणार नाही.

तोच टायगर गोठ्यातून दोरी सोडवून आला (गाठ मी मारलेली नव्हती), सरळ पानाशी गेला, आणि आम्ही आ वासून उभे असताना त्याने वडा उचलला, खिरीत बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा. आमसुलाच्या चटणीकडे पाहिलेही नाही. भावोजी, बाबा हुबेहूब असेच जेवत. आत्याने गळा काढला, "दादा, किती रे वाळलास." (वाळलेला नव्हता, वर लिहिलेच आहे.) भटजींनी उन्हाकडे पाहून निर्णय दिला की श्वानाचाही भाग असतोच, पान पावले. मग कावळ्यानेही उरल्यासुरल्यावर चोच मारली आणि पंगत बसली.

तेव्हापासून आत्या त्याला 'दादा' म्हणते आणि त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. माझा प्रयोग थांबवावा लागला, कारण जन्मदात्यापुढे न धुतलेली मांदेली ठेवायला माझाही हात धजत नाही. असो. कुत्रा उत्तम आहे, काळजी नसावी. पत्र लांबले, पण तेवढा वेळ गुडघ्याला विश्रांती मिळाली असेल. ताईस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

आपला,
दयाराम

ता. क. टायगरला बुधवारी रेवसच्या बोटीने मुंबईस पाठवत आहे (दसऱ्यापर्यंत चाळीच्या मालकास पाहुणा म्हणून सांगावे). सोबत आत्या येते. दादाला परक्या घरी एकटा सोडणार नाही म्हणते. तिचे बोचके बांधून झाले आहे, त्यात वड्यांचे पीठ आहे. तरी आपल्या खोलीत तिची सोय करावी (हे खरे तर आरंभीच लिहायचे होते), आणि शेटाणीबाई कुत्रा ताब्यात घेतील त्या वेळी तिला दूरच्या एखाद्या देवळात न्यावे. ती त्याच्या पाया पडते. खुर्चीचा प्रश्न आहे.

आणखी एक. बाबांनी जन्मात कोंबडीला हात लावला नाही. शेटाणीबाईंना हे कसे सांगावे ते आपण पाहावे. आपण होणारे हेडक्लार्क आहात.

शेवटचे. हे पत्र कुटुंबाने वाचले. बराच वेळ हसली आणि मग म्हणाली की आल्या दुसऱ्या दिवसापासून ती त्याला मागच्या दारी मऊभात आणि तूप घालते, आणि सणासुदीचे वडे खिरीत बुडवून तिनेच भरवले. चटणी त्याने एकदा चाटून सोडली ती सोडलीच. म्हणजे माझा शोधही गेला आणि बाबाही गेले. आत्याला हे कळू द्यायचे नाही, अशी तिची ताकीद आहे. आत्या इतक्या वर्षांनी कोणाशी तरी पोटभर बोलते आहे म्हणे. ठीक आहे. पण भावोजी, आज सकाळी मी वाडीत तंबाखू मळत बसलो होतो (बाबा होते तोवर हे चोरूनच चाले). जवळपास कोणी नाही असे पाहून, नुसते आजमावण्यासाठी, मी टायगरला 'बाबा' अशी हाक मारली. त्याने मान वळवून आधी माझ्या तळहाताकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. तंबाखू कुठे पडली ते मला अजून सापडलेले नाही. तरी बुधवारी धक्क्यावर घ्यायला याल तेव्हा आपल्या हातात विडी नसावी, एवढीच विनंती.