दुसरा संगणक

१४ जुलै, पेण
दादाने उगारलेला पाट खाली आला तेव्हा आमचा जुना कारागीर सुधा याचा हात टेबलावरच होता. उजवा. दादाने पाट पुन्हा उचलला. मी त्याचा दंड धरला. त्याने झटकलं, मी साच्यांच्या फळीवर आपटले. दुसरा घाव मनगटावर. आवाज कोरडा, छोटा.
सुधा ओरडला नाही. म्हणाला, "शेठ, हात नको. पायावर मारा."
वीस वर्षं आमच्या कारखान्यातल्या गणपतींच्या डोळ्यांची आखणी त्याने केली. जूनमध्ये आम्हाला सोडून हमरापूरच्या कारखान्यात गेला. आज राहिलेले ब्रश न्यायला आला होता.

१५ जुलै, रोहा
कॉलेजात दोन तास घेतले. काय शिकवलं आठवत नाही.
कालचं लिहून ठेवते. साचे कोरायच्या यंत्राचं सॉफ्टवेअर सकाळी उघडेना. पेनड्राइव्हएवढी चावी संगणकात खोचली की ते चालतं. चावी जागेवर होती. पडद्यावर इंग्रजी ओळ.
"वाच गो," दादा म्हणाला.
वाचलं. मराठी करून सांगितलं: परवाना दुसऱ्या संगणकावर वापरात आहे.
"म्हणजे चावीची नक्कल झालीय. चावी कोण सांभाळायचा? सुधा."
तेवढ्यात सुधा दारात.
"या, आर्टिस्ट. आमची नवी मूर्ती तिकडं कोरून झाली काय?"
सुधा हसला. त्याला थट्टा वाटली.

१७ जुलै
दवाखाना. मनगटाची दोन हाडं मोडलीत. बोटं मिटत नाहीत. डॉक्टरांना सुधाने सांगितलं, पाट पडला.
त्याची बायको जिन्यात: "ताई, तुम्ही व्हतात ना तिथं? मंग?"
मी म्हणाले, डबा खाली ठेवते. म्हणजे मला म्हणायचं होतं की

१९ जुलै, पेण
पनवेलहून सॉफ्टवेअरवाला आला. पाच मिनिटं बघितलं.
"विंडोज नवीन टाकलंय. जुनी चावी त्याला दिसत नाय. चावी दिसली नाय की हे असंच छापतं."
"आणि दुसरा संगणक?" दादाने विचारलं.
"दुसरा नायच हाय. अपडेट कोणी केलं?"
दादाने त्याला कॉलर धरून भिंतीवर दाबलं. चष्मा पडला. "परत बघ. दुसरा असणार."
"मी केलं," मी म्हणाले. "मागच्या रविवारी. रोज विचारत होतं. हो म्हटलं."
दादाने त्याला सोडलं. पाटावरची अर्धी मूर्ती उतरवली, सावकाश बाजूला ठेवली. पाट माझ्या हातात दिला. स्वतःचा उजवा हात टेबलावर पसरला.
"मार."
मी पाट डोक्याच्या वर नेला. तिथपर्यंत सहज गेला. याचंच भय वाटतंय.
खाली ठेवला. हळू नाही. टेबलाची कड फुटली, त्याच्या बोटांच्या वीतभर अलीकडे.

२० जुलै
सकाळी सुधाच्या घरी जाऊन चावीचं, अपडेटचं सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. बायकोला म्हणाला, "चप्पल घाल." तिघं चालत पोलीस ठाण्यात गेलो. दादाविरुद्धची तक्रार मी लिहिली. त्याला सही करता येईना. डाव्या हाताचा अंगठा घेतला.