गुडघा माझा, तारीख यांची

३ फेब्रुवारी, मुरुड
लातूरला दाखवून आलो. डॉ. सगळं यांच्याशीच बोलले. पाय बाहेरच्या बाजूला वाकलेले माझे, ठणकणारा उजवा गुडघा माझा, आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरसारखी. "वाटी बदलू, दुसऱ्या दिवशी चालतील." मांडी घालता येईल का, विचारलं. डॉ. हसले. "आता कशाला, मावशी?" वय एक्कावन्न माझं. तोच म्हातारा दिसतो माझ्याहून.

४ फेब्रु.
यांनी तारीख घेऊन टाकली. वीस. मला कळलं ते दुकानात, गिऱ्हाइकांसमोर! वर म्हणे, "गादीजवळ खुर्ची टाकू की." इतकी वर्षं त्या गादीवर मांडी घालून साड्या उलगडल्या. बाई समोर बसते, पदर मांडीवर घेऊन बघते, तेव्हा साडी खपते. खुर्चीवरून काय, वरून फेकू? यांना हे माहीत नाही असं नाही.

७ फेब्रु.
लेकीचा, शिल्पाचा, विष्णुपुरीहून फोन. इकडं जवळच नांदेडला दाखवल्याशिवाय सही करू नको म्हणाली. हे भडकले. "पोरीचं ऐकून डॉक्टर बदलायचा का?"
"हाव," म्हटलं. जेवले नाहीत. न जेवोत.

१० फेब्रु., विष्णुपुरी
लेकीकडे आलो. हेही आले, फुगूनच. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी लातूरचा एक्स-रे बघून बाजूला ठेवला. "हा झोपवून काढलाय. वाकडेपणा उभ्यानं कळतो." मग उभं करून, कमरेपासून घोट्यापर्यंत नवा काढला. गुडघा फक्त आतल्या बाजूनं झिजलाय. मी काय आडवी होऊन चालते का, हे लातूरच्याला कळू नये?
म्हणजे दुसरा रस्ता आहे. नडगीचं हाड थोडं कापून पाय सरळ करायचा, आत धातूची पट्टी बसवायची. सांधा आपलाच राहतो. पण बरेच आठवडे कुबड्या, आणि पुढं कधीतरी वाटी बदलावी लागेलही. मांडी बहुतेक जमेल. खात्री नाही.
हे लगेच, "तवर दुकानात कोण बसायचं?"
बाईंनी हातानंच थांबवलं. "मी त्यांना विचारतेय. बोला, तुम्हाला काय हवंय?"
आणि मी यांच्या तोंडाकडे बघितलं.

११ फेब्रु.
रात्रभर स्वतःचाच राग. कुणी विचारत नाही म्हणून आठवडाभर आदळआपट केली. विचारलं तर दातखीळ बसली. गाढव आहे मी.
हे सकाळी मुरुडला गेले. "तू म्हनशील तसं." दारातून वळून, "पन वीसची तारीख सोडली न्हाई मी अजून."

१२ फेब्रु.
मला मांडी घालायचीय. निदान प्रयत्न तरी करायचाय. एवढं आता पक्कं.
लातूरला स्वतः फोन लावला. वीस तारीख सोडा म्हटलं. पलीकडची पोरगी म्हणते, "ज्यांनी घेतली त्यांना द्या की फोन."
"पाय त्यांचा हाय का?"
"थांबा, सरांना इचारते."
दहा मिनिटं झाली. अजून विचारायलीय. फोन कानाला लावूनच लिहितेय. ठेवणार नाही.