भट्टीच्या साखळीला चांदी

प्रिय टॉरग्नीदादा यास धाकट्या सिग्ब्रिटचा नमस्कार,

तू ठणठणीत असशील, नसलास तरी पत्र वाचण्यापुरता असशील, असं धरून चालते. मी बरी आहे. बाबा स्वतःची तब्येत 'उत्तम' सांगतात, म्हणजे काहीच कळत नाही.

आपल्या बेकरीतल्या भट्टीची साखळी तुला आठवत असेलच (तिच्या किंचाळण्याने गाव उठायचं). कडक रोट्या आतबाहेर नेणाऱ्या त्या साखळीच्या खिळ्यांना तेल घालावं तर ते जळून जातं, मग लोखंड लोखंडावर रडत बसतं. आई गेल्यावर शेजारच्या आल्फहिल्डबाई सांत्वनाला आल्या आणि जाताना हळूच म्हणाल्या, आता तरी त्या आवाजाचं काही करा. म्हणून मी शहाणपणा केला. आमच्या कारखान्यात हत्यारांवर क्रोमियम नायट्राइडचा टणक, पातळ थर चढवतात. त्यात चांदी मिसळली तर तापल्यावर ती वर झिरपते आणि वंगणाचं काम करते. मात्र चांदी फार झाली की थर मऊ पडतो, आणि मऊ थर लवकर झिजतो. पहिल्या खेपेला खिळ्यांवरच्या थरात मी चिमूटभर घातली. थर दगडासारखा झाला, किंकाळी जशीच्या तशी. चांदी घातलीस की नुसती दाखवलीस, असं बाबांनी विचारलं. मी चिडले. पुढच्या खेपेला भरपूर घातली (आमचे साहेब म्हणत होते की हे लोणी झालंय, मी ऐकते थोडीच). साखळी अशी गुपचूप चालू लागली की आल्फहिल्डबाई दालचिनीचे पाव घेऊन आल्या. बेकरीत, पाव! मी खुशीत बाबांना शोधायला गेले, तर ते टोपी हातात धरून भट्टीपुढे बसलेले.

"बरं केलंस, बाळ," ते म्हणाले. "फक्त आता तुझी आई घरात नाही, हे ऐकू येतं."

हिवाळ्याआधीच चांदी झिरपून संपली, थर झिजला आणि साखळी भरल्या भट्टीत अडकली. रोट्यांचा कोळसा झाला. बंबवाले आले (त्यातल्या एकाने कमी जळालेली रोटी लोणी लावून खाल्ली, बरी आहे म्हणाला). मग मी डोकं शांत ठेवून मधलं प्रमाण काढलं. थर पुरेसा टणक, आवाज कुजबुजीएवढा. खरंच छान जमलं होतं, दादा. बाबांनी ते खिळे उजेडात धरून पाहिले, माझी पाठ थोपटली आणि कपाटात ठेवून दिले. पीठ आईसारखं मळता येत नाही, इतके दिवस नुसती भट्टी चालू राहावी म्हणून भाजत होतो, म्हणाले. तेव्हापासून ती थंड आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना पापे.

तुझी,
सिग्ब्रिट

ता. क. – रविवारी बाबांना फोन कर. आईच्या अंत्यविधीनंतर तू केलेला नाहीस. ते तक्रार करत नाहीत, फक्त फोनजवळची खुर्ची हलवू देत नाहीत.

आणखी ता. क. – बोलता बोलता ते गप्प होतील आणि म्हणतील, भट्टीच्या आवाजात नीट ऐकू येत नाही रे. तू हो म्हण. फोन मात्र ठेवू नकोस.