हनुवटीच्या प्रश्नापुढची टिकली

मंगळवार, संध्याकाळ

पीसीओएसवर, म्हणजे पाळी चुकवणाऱ्या आणि चेहऱ्यावर केस आणणाऱ्या आमच्या या आजारावर, पुढचं संशोधन कशावर व्हावं, हे आज मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी आम्हा पेशंटनाच विचारलं. भिंतीवर प्रश्न लिहिले होते. महत्त्वाचा वाटेल त्यापुढे एक टिकली लावायची. मला हनुवटीवरच्या केसांच्या प्रश्नापुढे लावायची होती. सोबत आलेल्या सासूबाईंनी माझ्या हातातून टिकली घेतली आणि 'मूल कधी होईल'पुढे लावली. म्हणाल्या, "लाजून काहून राहिली?" डॉक्टर दीदी म्हणाली, "अच्छा, चलो, हो गया."

मी बोलले काहून नाही? बोलून तरी काय झालं असतं? आत्ताही डावा हात हनुवटीवरच आहे.

निघताना पाहिलं, हनुवटीच्या प्रश्नापुढे एकही टिकली नव्हती. आणि हॉलमधल्या कितीतरी जणी माझ्यासारख्याच ओढणी हनुवटीवर धरून बसल्या होत्या.