जकातदाराचं घर

४ मार्च

चि. थोरलीस अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, कारण हल्ली माझे रविवार गर्दीचे असतात. नदीकाठची जुनी घरं बघायला माणसं येतात, आणि निवृत्त मास्तर फुकटात बोलतो हे पलीकडच्या काठालाही कळलंय. रंगाऱ्यांची आळी, मिठाच्या व्यापाऱ्याचं घर आणि शेवटी आपलं. जकातदार वरच्या खिडकीत बसून येणारी प्रत्येक नाव कशी अडवायचा, ते मी त्याच खिडकीतून ओरडून दाखवतो. परवा एक बाई इतक्या दचकल्या की त्यांची छत्री नदीत गेली.

मागच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला एक भेग पडली आहे. धाकट्याने कळवलं असेलच, त्याच्या पोटात काही राहत नाही. इतक्या पुरांना पुरून उरलेलं घर एवढ्यातेवढ्याने मान टाकणार नाही. तेव्हा काळजीचं पत्र पाठवू नकोस.

तब्येतीला जप. माझा लोभ आहेच, तूही म्हाताऱ्यासाठी थोडा राखून ठेव.

तुझा बाबा

११ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

काळजीचं पत्र नको म्हणालात, म्हणून हे रागाचं. त्या भेगेत आता आख्खा चमचा जातो आणि तुम्ही त्यावर कॅलेंडर टांगलंय, असं धाकटा लिहितो. माझ्या वॉर्डातही असे पेशंट असतात. थर्मामीटर दिसलं की तोंड घट्ट मिटतात. त्यांना मी कशी सरळ करते, ते तुम्ही अजून पाहिलेलं नाही.

रोज सकाळी त्याच भिंतीला पाठ लावून तुम्ही पेपर वाचत बसता. ते डोळ्यांसमोर आलं की मला घास उतरत नाही. घर सोडा असं मी म्हणत नाही. आईचे शेवटचे दिवस तिथेच गेले, तुमचा जीव त्यात अडकलाय, हे मला कळतं. फक्त नगरपालिकेच्या इंजिनिअरला एकदा दाखवा. ते ठीक म्हणाले, तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही.

माझ्या रागावर रागावू नका. माया आहे तशीच असू द्या.

तुमची थोरली

१७ मार्च

ती. ताईस सा. न.

काल फोनवर सगळे सुखरूप आहेत एवढंच बोलता आलं, म्हणून आता सविस्तर लिहितो.

काल सकाळी मागचं स्वयंपाकघर पडलं. मी छापखान्यात होतो. आवाज ऐकला आणि मशीन तसंच चालू टाकून धावलो. धुळीत काही दिसेना. बाबांची खुर्ची असते तिथे विटांचा ढीग. शेजारचे सुतारकाका आणि आळीतली माणसं आली, आम्ही विटा उपसायला लागलो. मी हाका मारत होतो.

तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला, "कोणाला शोधताय?"

इंजिनिअरांना घेऊन ते दारात उभे होते. झालं असं, की तुझं पत्र वाचून त्यांचं डोकं फिरलं आणि चहा अर्धा टाकून ते तडक नगरपालिकेत गेले. घर भक्कम आहे असं लिहून द्या, मुलीला पाठवायचंय, असा त्यांनी तिथे हट्ट धरला. बघितल्याशिवाय लिहून देत नाही असं इंजिनिअर म्हणाले, म्हणून बाबा त्यांनाच घेऊन आले.

इंजिनिअरांनी सगळं तपासलं. पडलं ते आजोबांनी मागाहून जोडलेलं बांधकाम. त्याचा पाया उथळ होता, ते खचताना जुन्या भिंतीलाही ओढत होतं. मूळ घर दगडी जोत्यावर आहे, त्याला काही झालेलं नाही. डागडुजी झाली की खुशाल राहा म्हणाले. एवढं ऐकल्यावर बाबा त्यांना तिथेच जकातीचा इतिहास सांगायला लागले. त्यावरून तब्येत कशी आहे ते समज.

तू अशीच चिडकी राहा. आमच्यावरचा लोभ वाढता असू दे.

तुझा धाकटा

२० मार्च

चि. थोरलीस आशीर्वाद.

डागडुजी होईपर्यंत तुझ्याकडे येतोय. तिथे माझ्या गप्पांना गिऱ्हाईक मिळालं नाही, तर तुझ्या वॉर्डातले पेशंट चालतील. त्यांना उठून जाता येत नाही.

एक गोष्ट धाकट्याने लिहिली नसेल. मी मागून बोललो तेव्हा तो वळला आणि नुसता बघत राहिला. हातातली वीट त्याला खाली ठेवता येईना. शेवटी मीच ती काढून घेतली. बोटं सोलवटून निघाली होती. अंगणातल्या नळाखाली मी त्याचे हात धुतले, लहानपणी धुवायचो तसे.

इतकी वर्षं घराला काही होईल की काय, एवढीच मला धास्ती होती. त्या दिवशी त्याचं एक अंग पडलं, आणि रात्री मी कितीतरी दिवसांनी गाढ झोपलो. शेजारच्या खाटेवर तो घोरत होता.

शुक्रवारी स्टेशनवर ये. राग गेला नसला तरी ये.

तुझा बाबा