आडनावापुढचा प्रत्यय

प्रिय टिल्लू,

चार वर्षांनी बाबांचं पत्र, तेही हाताने लिहिलेलं, म्हणजे घरात काही बरंवाईट झालं की काय असं तुझ्या मनात येईल, म्हणून आधीच सांगून टाकतो. आम्ही दोघं धडधाकट आहोत. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, पण ती त्याच्याहून जास्त कुरकुरते, तेव्हा काळजी नको. माझं म्हणशील तर शाळेने निवृत्त केलं तरी लॅटिनने केलेलं नाही. जित्याची खोड, दुसरं काय! सूक्ष्मजीवांवरच्या एका नियतकालिकाचं काम करतो, हे आईने फोनवर सांगितलं असेलच. कुठे नवा जंतू सापडला की शोधणारे त्याचं लॅटिन नाव ठेवतात आणि ते व्याकरणात बसतं की नाही हे बघायला कागद माझ्याकडे येतात. लिहिणाऱ्याचं नाव मला कळत नाही, माझं त्यांना कळत नाही. तुझी आई याला लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणते.

पण काम मजेचं आहे. ही मंडळी डोळ्याला न दिसणारा जीव बिनचूक मोजतील, पण विशेषणाचं लिंग काही केल्या त्यांना सापडत नाही. मागे एकाने पुल्लिंगी जंतूला स्त्रीलिंगी विशेषण चिकटवलं होतं, म्हणजे आपण 'घोडा पांढरी' म्हणावं तसं. एकाने अर्धं नाव ग्रीक आणि अर्धं लॅटिन करून मधे आपल्या गावाचं नाव कोंबलं होतं. एक महाभाग तर स्वतःचंच नाव जंतूला द्यायला निघाले होते, आणि खाली तसं अभिमानाने लिहिलंही होतं. त्यांना समासात लिहून कळवलं की बाबा रे, मान दुसऱ्याने द्यायचा असतो, आपला आपण घ्यायचा नसतो. माझी लाल शाई तुला नव्याने सांगायला नको. तुझ्या वह्यांनी ती पुष्कळ सोसली आहे.

तुला नववं वर्ष लागलं होतं तेव्हाच्या रविवारच्या सकाळी आठवतात का? माझ्या टेबलापलीकडे त्या डगमगत्या स्टुलावर तुझी बैठक असायची. मी एक नाम टाकायचं, तू त्याला विशेषण जोडायचं. मराठीला तीन लिंगं, लॅटिनलाही तीनच, त्यामुळे जे वर्गातल्या पोरांना घोकून येत नसे ते तुला नुसतं कानाने यायचं. एकदा मी मुद्दाम 'नाउटा' दिला. नाउटा म्हणजे खलाशी. शब्द शेवटी आकारान्त, दिसायला थेट बाईमाणूस, पण चालतो पुरुषासारखा. तुझी बरोब्बर फसगत झाली. मग चिडून तू विचारलंस, दिसतं एक आणि असतं दुसरंच, तर ओळखायचं कसं? मी ऐटीत सांगितलं की शब्दाच्या शेवटाकडे बघू नये, माणूस कोण आहे ते बघावं. वर्गातही तीस वर्षं हेच सांगत आलो. सांगणाऱ्याचं काय जातं!

आता मुद्द्यावर येतो. इतका वेळ टाळत होतो ते तुझ्या ध्यानात आलंच असेल. दोन महिन्यांपूर्वी एक कागद आला. कपडे धुण्याच्या यंत्राच्या दाराला आतून रबराची कड असते ना, तिच्या खाचेतल्या चिकट थरात कोणाला तरी एक नवा जंतू सापडला होता. भलता संथ प्राणी. जंतू वाढवायच्या काचेच्या प्लेटवर त्याचा ठिपका दिसायला अकरा आठवडे लागतात. बाकीचे लोक दोन आठवड्यांत काही उगवलं नाही की प्लेट टाकून देतात, म्हणून आजवर तो कोणाच्या नजरेला पडला नव्हता. वर्णन नीटनेटकं होतं, मला लाल पेन उघडायला फारशी जागाच नव्हती. मग नावाच्या व्युत्पत्तीपाशी आलो आणि तिथे आपलं आडनाव दिसलं. आपलं, टिल्लू. बिनचूक, एकाही अक्षराची गफलत न करता लिहिलेलं.

माणसाच्या मानासाठी नाव ठेवायचं तर आडनावाला षष्ठीचा प्रत्यय लावतात, हे तुला माहीत आहेच. पुरुष असेल तर आपल्या आडनावापुढे नुसता रोमन 'आय' लागतो. बाई असेल तर 'ए' आणि 'ई'. कागदावर 'ए' आणि 'ई' होतं. खाली एक ओळ होती, 'उगवलं नाही म्हणून प्लेट टाकून देण्याआधी थांबायला जिने आम्हाला शिकवलं, तिच्या सन्मानार्थ.' पुढे तुझ्या प्रयोगशाळेचं नाव आणि तुझं पूर्ण नाव. तू स्वतः निवडलेलं. मी एकदाही तोंडाने न उच्चारलेलं.

मी काय केलं ते ऐक. पेन उचललं, 'ए' आणि 'ई'वर काट मारली आणि वर 'आय' लिहिला. 'जिने'चं 'ज्याने' केलं, 'तिच्या'चं 'त्याच्या' केलं. समासात शेरा मारला, 'लिंगदोष'. दोन मिनिटंही लागली नाहीत. पाकीट बंद केलं आणि हात धुऊन जेवायला बसलो. जेवणही व्यवस्थित गेलं, हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे ते खरं.

मला वाटतं, त्या दोन मिनिटांत मी जे केलं तेच चार वर्षांपूर्वी पुढच्या खोलीत केलं होतं. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून, हातातला पाण्याचा पेला गच्च धरून तू म्हटलंस, "बाबा, मी मुलगी आहे. आधीपासूनच होते." आणि मी म्हणालो की व्याकरण कोणाच्या मर्जीवर चालत नाही. पोटचं लेकरू मन उघडं करतंय आणि बाप त्याला व्याकरण शिकवतोय! वर तो विनोद आहे अशा थाटात मी चष्मा पुसत बसलो. तू बॅग उचलून दार हळूच ओढून घेतलंस. आपटलं असतंस तर बरं झालं असतं, मला रागवायला तरी काही निमित्त मिळालं असतं. तुझी आई मात्र त्याच आठवड्यापासून फोनवर 'अगं' म्हणायला लागली, जणू जन्मापासून तेच म्हणत आलीय. तुला हे जमतं तरी कसं, असं मी एकदा तिला जरा खवचटपणेच विचारलं. ती भांडी पुसत होती, तिने मानसुद्धा वर केली नाही. म्हणाली, पोटात होतं तेव्हा काय आहे ते कुठे ठाऊक होतं, तरी दिवसभर गप्पा मारतच होते ना.

तर, माझ्या शेऱ्याला तीन आठवड्यांनी कार्यालयामार्फत उत्तर आलं. भाषेवरून लिहिणारं कोणी तरी तरुण असावं, बहुधा तुझ्या हाताखाली शिकलेलं. बाकी सगळ्या दुरुस्त्या मान्य होत्या, आभारही मानले होते. एकच मान्य नव्हती. तिच्याखाली लिहिलं होतं, 'परीक्षकांचा येथे गैरसमज झालेला दिसतो. आमच्या बाई स्त्री आहेत. शंका असल्यास त्यांनाच विचारावे, त्या रागावत नाहीत.' मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं दिसेनाशी झाली. त्या पोराला किंवा पोरीला काय माहीत की परीक्षक कोण आहे! माझ्याच लेकराची ओळख मला परका माणूस करून देत होता, तीही किती अदबीने. आणि तुला राग येत नाही हे मला ठाऊक नसावं? लहानपणी तर तुझ्या नाकावर माशी बसायची सोय नव्हती. या चार वर्षांत तो राग कुठे ठेवून दिलास, टिल्लू? माझ्या वाट्याचाही ठेवून दिलास का?

कागद तीन दिवस टेबलावर पडून होता. चौथ्या दिवशी तुझ्या आईने टेबल आवरताना तो वाचला. एरवी ती माझ्या लॅटिनच्या वाटेला जात नाही, पण आपलं आडनाव आणि माझी लाल शाई तिला ओळखता येते. संध्याकाळी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "घरातून तिला खोडलंत ते पुरे नव्हतं का? आता कागदावरूनही?" बस, एवढंच. माझ्यावर ती आयुष्यभर ओरडत आली, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण ती हे अगदी हळू म्हणाली.

तू हुशार आहेस, एक गोष्ट तुला कळलीच असेल. इतकं लिहिलं, पण तुझ्यासाठी एकही क्रियापद सरळ वापरलेलं नाही. 'तुझी बैठक असायची', 'तुझी फसगत झाली', असं काय काय जुळवत, ओल्या फरशीवरून चालावं तसा कडेकडेने आलोय. जुनं लिहायला हात धजत नाही, आणि नवं लिहायचा मला हक्क उरलाय की नाही ते समजत नाही. जन्मभर दुसऱ्यांची लिंगं तपासणारा माणूस स्वतःच्या पत्रात असा ताकास तूर लागू देत नाही, हे बघून तुला हसू आलं तर खुशाल हस.

काल मी तो कागद परत पाठवला. समासात लिहिलं, 'मूळ रूप बरोबर. चूक परीक्षकाची.' असं वाक्य मी आजवर कोणाच्या वहीत लिहिलेलं नाही. शिवाय, ज्याच्या मानासाठी नाव ठेवलंय त्याच्याशी परीक्षकाचं नातं असेल तर ते आधी कळवायचं असतं, आणि मी ते लपवलं होतं. तेही फोन करून कबूल केलं. त्यांनी एक छापील फॉर्म पाठवला, त्यात एक इवलीशी चौकट होती, 'नातं'. तिच्यात मी 'मुलगी' लिहिलं. आता शेवटची सही दुसरा कोणी करील, माझं काम संपलं. पुढच्या महिन्यात नाव छापून येईल आणि एकदा ते छापलं की कोणाच्या मर्जीने बदलत नाही, माझ्याही नाही. पण ते तुला छापील कागदावरून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. त्या दिवशी त्या खुर्चीत तू बसली होतीस, तू खरं तेच सांगत होतीस, आणि मी चुकलो. मला माफ कर, पोरी. पत्रात जे सगळ्यात आधी विचारतात ते मला वर लिहिता आलं नाही, ते आता विचारतो.

कशी आहेस?

तुझाच,
बाबा