चंदी पडव्याचा पाहुणा

सुरत,
१२ डिसेंबर १९९६

प्रिय मृणाल,

सातवा लागला ना गं? पाय सुजले की उशीवर ठेवून पडत जा, आणि जावईबापूंना एखाद्या दिवशी स्वतःचा चहा स्वतः करू दे. इकडची बातमी म्हणजे आमचा हॉलंडबरोबरचा प्रकल्प मंजूर झाला! तीन वर्षांचा खर्च, अर्धा त्यांचं सरकार देणार, अर्धा आपलं. यंत्रमागांच्या खडखडाटात कान गेलेल्या कामगारांचा मेंदू नुसते ओठ पाहून बोलणं कसं समजून घेतो, ते शोधायचं. तुझ्या बाबांनी बँकेत पेढे वाटले आणि बायको मेंदूची डॉक्टर असल्याचं ठोकून आले. कसली डॉक्टर, कॉलेजातली मास्तरीण मी!

पण हातातोंडाशी आलेला घास जायच्याच बेतात होता. पैसे द्यायच्या आधी तिकडचे डॉ. हेंड्रिक आमची तयारी बघायला येणार होते. तारीख माझ्यावर सोडलेली. मी शहाणीने कोजागिरी टाळली आणि दुसरा दिवस दिला. इतकी वर्षं सुरतेत काढून चंदी पडव्याचा सण विसरले! त्या संध्याकाळी अख्खी सुरत घारी खायला रस्त्यावर. पाळी सुटल्यावर तपासणीला येणारे कामगार आलेच नाहीत, आणि आमचा शिपाई छगनभाई प्रयोगशाळेची किल्ली घेऊन पसार. कुलपासमोर गोऱ्या पाहुण्याशेजारी उभी राहून मेल्याहून मेल्यासारखं झालं बघ. शेवटी त्यांना रिक्षात घातलं आणि उधन्याला, यंत्रमागांच्या भागात नेलं. कारखान्याच्या दारात तपासणीला येणारा आपला धुळ्याकडचा भटू आणि त्याचे सोबती पेपरावर भुसूचं फरसाण आणि माव्याच्या घाऱ्या मांडून बसले होते. आत माग चालूच. कानठळ्या बसत होत्या, आणि ही मंडळी ओठांनी, भुवयांनी गप्पा मारत खिदळत होती. साहेबांच्या हातात घारी कोंबली. तूप मनगटावरून ओघळत होतं, पण त्यांची नजर काही त्या ओठांवरून हलेना. दुसऱ्या दिवशी भटू सगळ्यांना घेऊन हजर. डोक्याला तारा लावून घेताना विचारतो कसा, की यात मनातलं दिसत असेल तर बायकोला दाखवू नका. साहेब खूश होऊन गेले.

आता खरं सांगते. मंजुरीबरोबर एक अट आलीये. मेंदूच्या लहरी वाचायला शिकण्यासाठी मी फेब्रुवारी ते एप्रिल तिकडे राहायचं. म्हणजे नेमकं तुझं बाळंतपण. तारखा बदलायला विनवलं, जमत नाही म्हणाले. नाही गेले तर आपण नुसती माणसं पुरवायची आणि त्यांची डोकी वाचायची परक्यांनी. तुला फोनवर सांगायचा धीर होईना. तू ठरल्याप्रमाणे माहेरीच ये. बाबा आहेत, जळगावहून शोभामावशी येतेय, तिच्या हाताला माझ्यापेक्षा चव आहे. पण कळा सुरू झाल्या की तू आईलाच हाक मारशील आणि मी तिथे नसेन. राग आला तर पोटभर भांड. तरी बाळा, मी हो कळवून टाकलंय. पन्नाशीला आल्यावर मला कुणीतरी शिकायला बोलावलंय, आणि मला जायचंय गं.

तुझीच हट्टी,
आई